चार बोटं खालची रिंग

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमला उन्हाळ्यात कोणी वाली नसायचा. परीक्षा आटोपल्या की सर, म्हणजे आमचे शारीरिक शिक्षणाचे सर, साताऱ्याकडच्या आपल्या गावी निघून जायचे ते जूनच्या शेवटीच उगवायचे. जाताना बॉलच्या कपाटाची किल्ली कॅप्टनच्या हातात द्यायचे आणि आमच्याकडे बघून म्हणायचे, "खा, झोपा, मजा करा. मी आल्यावर काही विचारणार नाही. मला दिसतं." एवढंच आमचं उन्हाळी शिबिर.

कॅप्टनला आम्ही सगळ्या ताई म्हणायचो. ती शेवटच्या वर्षाला जाणार होती, मी दुसऱ्या. सकाळी सहाला ती कोर्टवर हजर असायची आणि उशिरा येणारीला कोर्टाभोवती पळवायची. घरून सलवार-कुर्त्यात निघायचं, कोर्टाच्या पायऱ्यांवर सलवार उतरवून पिशवीत कोंबायची, आत शॉर्ट्स असायचीच. बिबवेवाडीतल्या आमच्या गल्लीतून मी शॉर्ट्समध्ये चालत गेले असते तर गल्लीला आठवडाभर दुसरा विषय मिळाला नसता. मला तशी कशाचीही लाज वाटायची. उंचीची वाटायची, पायांवरच्या केसांची वाटायची, बुटाचा सुटलेला तळवा चिकटवायला लावलेल्या सोल्युशनची वाटायची. त्या उन्हाळ्यात मात्र या सगळ्या किरकोळ लाजा मागे पडल्या.

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर होते. मार्चमध्ये कंपनीने त्यांच्या खात्यातल्या बहुतेकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. हा शब्द ज्याने शोधून काढला त्याला एकदा आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवायला हवं होतं. कॉम्प्युटरवर चालणारी नवी मशीनं आली होती आणि ती चालवायला डिप्लोमा झालेली पोरं. बाबांना शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, पैसेही व्यवस्थित मिळाले. पैशांबद्दल आमच्या घरात कुणाची तक्रार नव्हती. अडचण सकाळची होती. माझ्या जन्माच्या आधीपासून बाबा उजाडता उजाडता घरातून निघून कोपऱ्यावर कंपनीची बस पकडायचे. आता ती बस त्यांच्यासाठी थांबणार नव्हती.

दुसऱ्या दिवशीही ते निघाले. कंपनीचा निळा शर्ट घातला, केसांना तेल लावलं, बूट चढवले. आईने नेहमीसारखा डबा भरला. मी तिच्याकडे बघत राहिले तर म्हणाली, "अगं, डबा नसला हातात तर खालचे काका विचारतील ना."

खालचे काका म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त कारकून. पहाटेपासून पेपर घेऊन बिल्डिंगच्या पायरीवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करायचे. वरच्या मजल्यावरचा मुलगा नुकताच हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये लागला होता. त्याला न्यायला रोज पांढरी गाडी यायची, तीही नेमकी बाबांच्या बसच्या कोपऱ्यावर. काका त्या गाडीचं कौतुक सगळ्या गल्लीला ऐकवायचे. मग बाबा समोरून जायचे तेव्हा, "काय, फर्स्ट शिफ्ट का?" आणि बाबा मान हलवून "हो" म्हणायचे.

कुठे जात होते ते मी आईला विचारलं. "तू नको विचारूस," आई म्हणाली, आणि कणीक इतक्या जोरात मळायला लागली की मी बाहेर गेले.

पुढच्याच आठवड्यात मला कळलं. आम्ही दोन बाजूंनी धावत पास देत होतो आणि मला पायऱ्यांवर निळा शर्ट दिसला. पाय एकावर एक टाकून, डबा मांडीवर घेऊन बाबा बसले होते. आलेला बॉल माझ्या छातीवर आदळला आणि पोरी हसल्या. उघड्या पायांनी बाबांसमोर उभं राहायची वेळ कधी आली नव्हती, त्याची लाज वेगळी. पण खरी लाज त्या निळ्या शर्टाची होती. तो शर्ट आता त्यांचा नव्हताच.

बाबांनी ताईला हाक मारून सांगितलं, "मी हिचा बाबा. सेकंड शिफ्ट आहे माझी, सकाळी मोकळाच असतो. बसलो तर चालेल ना?"

"चालेल की, काका," ताई म्हणाली. "बाहेर गेलेला बॉल तेवढा आत टाका."

अशी गल्लीत बाबांची फर्स्ट शिफ्ट चालली होती आणि ग्राउंडवर सेकंड. एका माणसाच्या दोन शिफ्टी, पगार एकीचाही नाही. सकाळचे तीन तास ते आमच्यात काढायचे, मग मोफत वाचनालयात जाऊन पेपर वाचत बसायचे, आणि फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी यायचे. घरी आल्यावर आई विचारायची, "दमलात का?" आणि ते म्हणायचे, "थोडा."

पोरींना बाबा फार आवडले. मला ते बघवत नव्हतं. डबा सगळ्यांत मिळून संपायचा. आईने ते ओळखलं असावं, कारण पोळ्या वाढत गेल्या. बाबा आमच्या खेळावर कारखान्याच्या भाषेत बोलायचे. नेम चुकला की "रिजेक्शन", आणि सलग चार बॉल आत गेले की "प्रॉडक्शन वाढलं!" पोरी तेच शब्द घेऊन एकमेकींना चिडवायच्या. उड्या वाढाव्यात म्हणून त्यांनी आम्हाला पायऱ्या चढायला लावल्या, दोन्ही पाय जुळवून. कंपनीच्या क्रीडादिनाला कबड्डीवाले असं करायचे, म्हणे. सगळ्या जणी बेडकासारख्या पायऱ्या चढायच्या आणि मी शेवटी, तोंड पाडून. एकदा एका पोरीने विचारलं, "काका, तुमची शिफ्ट कधी बदलतच नाही का हो?" बाबा हसले आणि बुटाची नाडी बांधायला लागले. ती आधीच बांधलेली होती.

परतताना वाचनालयाच्या वळणापर्यंत आमचा रस्ता एकच होता, पण मी त्यांच्या बरोबर चालायची नाही. पुढे निघून जायची.

मे महिन्यात कॉलेजला अचानक आमच्या कोर्टाची आठवण झाली. कुठलीशी कमिटी कॉलेज बघायला येणार होती. भेगा पडलेल्या जुन्या कोर्टवर सिमेंटचा नवा थर टाकायचं ठरलं. रिंगांचे दोन्ही बोर्ड रंगवायला म्हणून खांबांवरून उतरवले. सिमेंट वाळेपर्यंत आम्ही बाजूच्या मातीत पळत राहिलो आणि जिमखान्याच्या भिंतीवर बॉल आपटत राहिलो. कोर्ट वाळलं, पांढऱ्या रेषा आल्या, ठेकेदाराची माणसं सामान आवरायला लागली आणि बोर्ड तसेच भिंतीला टेकून. ऑफिसात विचारलं तर कारकून म्हणाला, "बोर्ड बसवणं कामात धरलेलं नाही. कॉलेज उघडल्यावर बघू." त्याला घाई नव्हती. कमिटीला फक्त खालची जमीन बघायची होती.

ताईचा चेहरा उतरला. शेवटचं वर्ष, दोन महिन्यांवर सामने, आणि नेम धरायला रिंग नाही.

"मी बसवतो," बाबा म्हणाले.

त्या दोन दिवसांत मी बाबांना प्रथमच काम करताना बघितलं. कारखान्यात ते काय करतात हे मला कधी माहीतच नव्हतं. ते नटबोल्टचे पाने घेऊन आले, ठेकेदाराच्या माणसांकडून शिडी आणि दोन गडी मागून घेतले, बोल्टांना तेल लावलं, आणि जुन्या भोकांत एकेक बोल्ट असा बसवला की पोरींनी टाळ्या वाजवल्या. बोर्ड सरळ आहे का ते लेव्हल लावून बघितलं. रिंगेला लोंबकळून दाखवलं. हात पुसत खाली उतरले तेव्हा घरात कित्येक दिवसांत न दिसलेला चेहरा होता तो. मलाही बरं वाटलं. त्या दिवशी परत येताना वळणापर्यंत मी त्यांच्या बरोबर चालले.

पहिले दोन-तीन दिवस आमचे बॉल रिंगेच्या वरून बोर्डावर आपटले. "हात सुटलेत तुमचे," बाबा म्हणाले. मग हात बसले. आणि असे बसले की आमचा आमच्यावर विश्वास बसेना. ताईचे लांबून टाकलेले बॉल एकामागून एक आत जायला लागले. सगळ्यांत बुटकी पोर उडी मारून जाळीला बोट लावून आली आणि आनंदाने किंचाळली. मीही लावलं. हे सगळं पायऱ्यांमुळे झालं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. "काका, तुम्ही सरांपेक्षा भारी आहात," पोरी म्हणायच्या. बाबा घरी जेवताना आईला सांगायचे, "पोरींचं प्रॉडक्शन बघायला ये एकदा." आई हसायची. ते पंधरा-वीस दिवस आमच्या घरात बरे गेले.

जूनच्या शेवटी सर आले. आल्या आल्या त्यांनी कॅम्पातल्या एका कॉलेजशी मैत्रीपूर्ण सामना ठरवून टाकला, आमच्या पोटांचे घेर मैदानातच दिसावेत म्हणून असेल. आम्ही जाताना बसमध्ये गाणी म्हटली. बाबा आमच्या मागच्या बसने आले आणि तिथल्या प्रेक्षकांत एकटे जाऊन बसले.

त्या सामन्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आमचा एकही बॉल धड आत जाईना. सगळे रिंगेच्या पुढच्या कडेला लागून परत येत होते, ताईचेसुद्धा. सुरुवातीला समोरच्या पोरी सावध होत्या, मग निवांत झाल्या, मग हसायला लागल्या. त्यांच्याकडची राखीव मुलगी आत आली, तीही आमच्यावर गुण करून गेली. ताईने शेवटी शेवटी बॉल टाकायचंच सोडून दिलं, दुसरीकडे पास द्यायला लागली. कॅप्टन असं करताना मी पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं जमीन फाटावी. प्रेक्षकांत बाबा उभे राहून "अगं वर, वर!" म्हणून ओरडत होते, आणि कुणीतरी म्हणालं, "कोण आहे हा माणूस?"

सर बसमध्ये एवढंच म्हणाले, "छान. उन्हाळा चांगला गेलेला दिसतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कोर्टवर आम्ही पहिलाच बॉल टाकला आणि तो आत गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. सर कमरेवर हात ठेवून बघत होते. मग एका बाजूची जाळी रिंगेत अडकली म्हणून ती सोडवायला ते रिंगेखाली गेले, टाचा उचलून त्यांनी हात वर केला, आणि त्यांच्या बोटांना जाळी लागली. सर उंच होते, पण इतके उंच नव्हते. त्यांनी हात खाली घेतला, बोटांकडे बघितलं, पुन्हा वर केला. मग पायाखालच्या नव्या सिमेंटकडे बघितलं. कोर्टाच्या कडेला जिथे जुनी फरशी संपून नवा थर सुरू होत होता तिथे गेले, वाकून त्या कडेला आडवा हात लावला. चार बोटं भरली.

आम्हाला एकदम कळलं. जमीन चार बोटं वर आली होती आणि रिंग जिथल्या तिथे होती. तीन-चार आठवडे आम्ही खालच्या रिंगेवर हात बसवले होते.

"रिंग कोणी बसवली?" सरांनी विचारलं.

बाबा नेहमीच्या पायरीवर बसले होते, डबा मांडीवर. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझे कान तापले होते आणि मनात एकच होतं, की बाबा, तुम्ही गप्प बसा, ही वेळ जाऊ द्या. ते गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. ताई तेवढ्यात म्हणालीही, "कॉलेजच्या माणसांनी बसवली, सर." सगळ्या पोरींनी माना डोलावल्या. त्यांची ती एकजूट बघून मला रडू यायला लागलं.

"मी बसवली," बाबा म्हणाले. उभे राहिले होते.

सर वळले. "आपण कोण?"

"हिचा बाप. फिटर आहे."

"फिटर," सर म्हणाले. "फिटर लोक टेप लावत नाहीत का? का कंपनीतही आपण असंच डोळे मिटून बसवता?"

असं तोंड सरांचं होतंच, आम्हाला सवय होती. बाबांना नव्हती. बाबांनी डबा पायरीवर ठेवला. निळ्या शर्टाची खालची कड दोन्ही हातांनी खाली ओढून सरळ केली.

"कंपनीत नाही मी आता," ते म्हणाले. "मार्चमध्ये घरी बसवलं. शिफ्टबिफ्ट काही नाही मला. या पोरींना मी खोटं सांगितलं." मग ताईकडे बघून म्हणाले, "जुनी भोकं होती, बोल्ट बरोबर बसले, मला वाटलं झालं काम. जन्मभर भोकावर भोक जुळवलं. जमीन मोजायची असते हे डोक्यातच आलं नाही. तुझा हात मी बिघडवला, बाई."

"बसेल, काका," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अजून महिना आहे."

मी मात्र पुतळ्यासारखी उभी होते. माझा बाप नोकरीवर नाही हे आठ पोरींना, सरांना आणि कोर्टाच्या कोपऱ्यात झाडणाऱ्या मावशींना एकाच वेळी कळलं होतं, आणि तेही तो चुकला म्हणून सरांसमोर मान खाली घालून उभा असताना. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. शॉर्ट्स घालून गल्लीतून दहा वेळा गेले असते तरी वाटली नसती.

सरांनी एकदा वर रिंगेकडे बघितलं. मग खाकरले. "मग वेळ आहे आपल्याकडे," ते म्हणाले. आवाज तसाच खडूस होता. "उद्या टेप घेऊन या. शिडी कॉलेजकडे नाही, ती पण बघा."

त्या दिवशी बाबा वाचनालयात गेले नाहीत, सरळ घरी आले, भर सकाळी. खालच्या काकांनी पेपरवरून बघितलं. बाबा जेवले नाहीत. आईने काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही, चार बोटं चुकलो." ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "बरं झालं बाई. मला त्या डब्याचाच कंटाळा आला होता." आणि रडली.

उद्या बाबा उठणारच नाहीत असं मला वाटलं होतं. मनातल्या मनात मी ठरवूनही टाकलं होतं की बास्केटबॉल सोडायचा. कोणत्या तोंडाने जायचं होतं?

सकाळी जाग आली तेव्हा बाबा तयार होते. निळा शर्ट नव्हता. घरात घालायचा चौकड्यांचा जुना शर्ट होता, आणि खिशात टेप. शेजारच्या बिल्डिंगमधल्या रंगाऱ्याकडून रात्रीच लांब बांबूची शिडी मागून आणून त्यांनी जिन्याखाली आडवी ठेवली होती. "ही एकट्याने नेता येत नाही," ते मला म्हणाले. "मागचं टोक धरशील का?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. आईने माझ्या दुसऱ्या हातात डबा दिला. आजचा मोठा होता, चार पुडांचा. मी टोक खांद्यावर घेतलं.

वरच्या मजल्यावरचा मुलगा गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून खाली उतरत होता. कोपऱ्यावर पांढरी गाडी उभी होती. पायरीवर काका. शिडी फाटकातून बाहेर काढताना आम्हाला थांबावंच लागलं, आणि काकांनी पेपर खाली घेतला.

"काय हो, आज फर्स्ट शिफ्ट नाही?"

"कंपनी सुटली, मार्चमध्येच," बाबा म्हणाले. गल्लीला ऐकू जाईल इतकं मोठ्याने. "पोरीच्या कॉलेजात रिंग बसवली होती, ती चुकली. ती नीट करायला चाललोय."

वरचा मुलगा जिन्यातच थांबला. काकांनी पेपरची घडी घातली. ते एवढंच म्हणाले, "शिडी जपून हो, फाटकाला रंग नवीन आहे."

आम्ही गल्लीतून निघालो. दारं उघडत होती, दुधाच्या पिशव्या आत घेतल्या जात होत्या, माणसं बघत होती. माझी नजर रस्त्यावर होती. वर बघायचं धाडस झालं तेव्हा शिडीच्या दुसऱ्या टोकाला बाबांची पाठ दिसली. ताठ होती, डोकं वर होतं. मला वाटलं, यांना कसं काहीच वाटत नाही. मग त्यांचे कान दिसले. लालबुंद झाले होते, माझे व्हायचे अगदी तसेच. गल्ली संपेपर्यंत ते तसेच राहिले.

शिडी मध्येच हेलकावे खायला लागली होती. मी त्यांच्या पावलाबरोबर पाऊल टाकायला लागले.